शाळाबाह्य नव्हे, घरी शिकणारी मुले: शिक्षण आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. शिक्षण आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे

माहितीसाठी: पुणे व पिंपरी-चिंचवड महानगरपालिका आणि पुणे जिल्हा परिषद यांचे प्राथमिक शिक्षण विभाग

विषय: घरी शिकणाऱ्या ६ ते १४ वयोगटातील मुलांची नोंद, मूल्यमापन आणि दाखला यांबाबत लेखी धोरण मिळण्याबाबत

महोदय,

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाचा तक्ता घेऊन शिक्षक घरोघरी जातात. एखाद्या दारात नऊ वर्षांचे मूल भेटते. ते मराठी सफाईने वाचते, अपूर्णांकांची बेरीज करते, पण कोणत्याही शाळेच्या पटावर त्याचे नाव नाही. तक्त्यात त्याच्यासाठी एकच रकाना आहे, शाळाबाह्य. वीटभट्टीवर विटा वाहणारे मूल त्याच रकान्यात, सिग्नलला फुगे विकणारे मूल त्याच रकान्यात आणि रोज चार तास आईवडिलांजवळ बसून अभ्यास करणारे मूलही त्यातच. तक्ता भरणाऱ्या शिक्षकाचा यात काही दोष नाही. त्याला दुसरा रकानाच दिलेला नाही.

आम्ही पुणे परिसरात मुलांना घरी शिकवणारे पालक आणि अशा पालकांना अभ्यास आखून देणारे शिक्षक आहोत. मुलांचे दहावीचे वर्ष, जातपडताळणी, उद्या वाटले तर शाळेत परतण्याची वाट, हे सगळे या एका रकान्यापाशी अडते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. तेव्हापासून घरी शिकणाऱ्या मुलाचे काय करायचे याचे उत्तर पालकाला मिळते ते तोंडी, आणि प्रत्येक टेबलावर वेगळे. कोणी म्हणतो बेकायदा आहे, कोणी म्हणतो चालते, कोणी म्हणतो नाव कुठेतरी लावून ठेवा. हे पत्र त्याबद्दल आहे.

कायदा काय म्हणतो ते आधी नीट मांडतो, कारण पालकांच्या गटांमध्येही त्याबद्दल बराच गोंधळ आहे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९, म्हणजेच शिक्षण हक्क कायदा, याचे कलम १० सांगते की आपल्या पाल्याला जवळच्या शाळेत प्राथमिक शिक्षणासाठी दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे. त्यात ‘शाळा’ हा शब्द स्पष्ट आहे. त्यामुळे ‘कायद्याने गृहशिक्षणाला परवानगी दिली आहे’ असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. पण हे कर्तव्य पार न पाडणाऱ्या पालकाला या कायद्यात दंड नाही, शिक्षा नाही. ‘सक्तीचे शिक्षण’ म्हणजे काय याचा खुलासा कलम ८ मध्ये आहे आणि तिथे बंधन शासनावर घातले आहे: शिक्षण मोफत द्यायचे, आणि प्रवेश, उपस्थिती व शिक्षणपूर्ती यांची खात्री करायची. कलम ९ प्रमाणे हेच काम स्थानिक प्राधिकरणाचे, म्हणजे पुणे शहरात महानगरपालिकेचे. आपल्या हद्दीतील १४ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाची नोंद तिने ठेवायची आहे. प्रत्येक बालकाची, फक्त पटावरच्या नव्हे.

संविधानाचे शब्द आणखी वेगळे आहेत. कलम ५१क (ट) मध्ये सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला ‘शिक्षणाच्या संधी’ उपलब्ध करून देणे हे पालकाचे कर्तव्य सांगितले आहे. तिथे शाळेचा उल्लेख नाही.

शिक्षण हक्क कायद्यात घराचा उल्लेख एका ठिकाणी मात्र आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३ ला परंतुक जोडले गेले आणि बहुविकलांग व तीव्र विकलांग बालकांना घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय मिळाला. म्हणजे घरी शिकणे ही कल्पना आपल्या कायद्याला परकी नाही. घरी शिकणारे मूलही शिक्षणव्यवस्थेच्या नोंदीत असू शकते, हे विधिमंडळांपेक्षा वरच्या पातळीवर, संसदेत मान्य झालेले आहे. बाकीच्या मुलांबाबत कायदा गप्प आहे, आणि महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनीही ती जागा भरलेली नाही.

सक्तीला आमचा विरोध नाही, हे आम्हाला मनापासून सांगायचे आहे. याच शहरातून जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगाला निवेदन पाठवले आणि किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदे मंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. ही सक्ती मागितली गेली ती ज्यांना अक्षरापासून दूर ठेवले होते त्यांच्यासाठी. तिला भोक पडेल असे काही आम्हाला नको आहे. ‘आमची मुलगी घरीच शिकते’ असे सांगून तिला धाकट्या भावंडांना सांभाळायला, ऊसतोडीला किंवा लवकर लग्नाला लावले जाऊ शकते, हे आम्ही जाणतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायदा मुलांना घरच्या धोकादायक नसलेल्या व्यवसायात मदत करू देतो, पण शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत. ज्या मुलाला शाळाच नाही त्याची ‘शाळेची वेळ’ कोणती? नोंद नसेल तर या प्रश्नाला उत्तर नाही, आणि त्याची झळ सर्वांत आधी गरीब घरातल्या मुलीला बसते. म्हणून आम्ही सूट मागत नाही, नोंद मागतो.

आता अडचणी.

सगळ्यात मोठी अडचण शाळा सोडल्याच्या दाखल्याची. शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ मुलाला दाखला मिळवून देते, पण ते एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्यासाठी आहे. मुख्याध्यापक विचारतात, ‘पुढची शाळा कोणती?’ घर हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. दाखला दिलाच, तर शाळा व विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या यू-डायस प्लस या संगणक प्रणालीत मुलाचे नाव ड्रॉप बॉक्समध्ये जाते आणि दुसरी शाळा ते ओढून घेईपर्यंत तिथेच पडून राहते. त्याचा कायम शिक्षण क्रमांक, म्हणजे पेन, जिवंत असतो, पण त्यापुढे काही घडत नाही. अनुदानित शाळेपुढे आणखी एक पेच असतो. पट घटला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवताना, शिक्षकाचे पद जाऊ शकते. मग दोन्ही बाजूंना सोयीची वाटणारी वाट निघते. नाव पटावर राहू द्या, मूल घरी राहू दे.

ही वाट सर्वांत घातक आहे. हजेरी खोटी लागते. पोषण आहाराचा हिशेब खोटा होतो. मुख्याध्यापक अडचणीत येतात आणि पालक त्यांच्या मेहेरबानीवर राहतात. २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास फेरपरीक्षा, आणि तीतही जमले नाही तर मुलाला त्याच वर्गात ठेवता येते. वर्षभर शाळेत न आलेले मूल त्या परीक्षेला कोणत्या तयारीने बसणार? आणि न बसल्यास शाळा त्याचा निकाल काय लावणार? खोट्या पटाचा हा सगळा डोलारा फक्त यासाठी उभा राहतो की खरी नोंद करायला जागा नाही.

दुसरी अडचण, महिनाभराच्या गैरहजेरीची. दाखला न काढता मुलाला शाळेतून काढले आणि ते सलग महिनाभर आले नाही, की ते शाळाबाह्य धरले जाते. बालरक्षक, म्हणजे शाळाबाह्य मुलांना शाळेत आणण्याचे काम करणारा, घरी येतो. तो यायलाच हवा. पण आल्यावर त्याने काय पाहायचे, कोणता कागद मागायचा, समाधान झाले तर कुठे लिहायचे, हे ठरलेले नाही. त्याच्यासमोर पर्याय एकच उरतो, मुलाला जवळच्या शाळेत दाखल करा.

तिसरी, परीक्षांची. दहावीला बाहेरून बसायचे तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे. त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, किंवा दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. जे मूल कधी शाळेतच गेले नाही त्याच्याकडे यातले काहीच नसते. शाळा सुटली म्हणून पुन्हा शिक्षणाकडे वळणाऱ्यांसाठी हा फॉर्म आहे आणि तो त्यांचे काम चोख करतो. घरी शिकलेल्या मुलाचा मात्र तिथे पहिल्याच कागदावर पाय अडतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा, मार्ग खुला आहे. तिथे दहावीच्या प्रवेशासाठी १४ वर्षे पूर्ण लागतात आणि पुरेसा अभ्यास केल्याचे स्वयंघोषणापत्र चालते. किमान पाच विषय, त्यात एक तरी भाषा. प्रवेश पाच वर्षे टिकतो आणि तेवढ्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. राज्याचे स्वतःचे मुक्त विद्यालय मंडळही आहे. तिथे पाचवीच्या परीक्षेसाठी १० वर्षे आणि आठवीसाठी १३ वर्षे पूर्ण असावी लागतात. म्हणजे घरी शिकलेल्या मुलाला तपासण्याचे साधन शासनाने स्वतःच तयार करून ठेवले आहे. तरीही मुक्त मंडळात नोंदवलेले बारा वर्षांचे मूल सर्वेक्षणात शाळाबाह्यच धरायचे का, हे कुठे लिहिलेले नाही.

चौथी अडचण परतण्याची. कलम ४ प्रमाणे शाळेत कधीच न गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडले असेल तर विशेष प्रशिक्षण. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि कलम १५ प्रमाणे वर्ष सुरू झाल्यावर आले म्हणूनही नाही. कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घेता येत नाही. तरी मागील वर्षाची गुणपत्रिका मागितली जाते, कारण आवेदनपत्रात तशी चौकट असते. आणि हे सगळे संरक्षण आठवीपर्यंतच. नववीत थेट प्रवेश मागणाऱ्या मुलाला या कायद्याचा आधार नाही. पुष्कळ पालकांना हे तेव्हाच कळते जेव्हा मूल चौदा पूर्ण करून शाळेत जायचे म्हणते.

जातपडताळणी, बोनाफाईड, शिष्यवृत्ती परीक्षा, जिल्हास्तरीय क्रीडा स्पर्धा, विद्यार्थी बसपास यांची यादी लांबवत नाही. सगळ्यांचे कारण एकच आहे. प्रत्येक फॉर्मवर शाळेचा शिक्का लागतो. त्यातही जातपडताळणी गंभीर, कारण तिथे अर्जदाराच्या शाळेच्या नोंदीला मोठे वजन आहे, आणि ज्यांना आरक्षणाचा आधार लागणार त्यांनाच घरी शिकवण्याची सर्वांत जास्त किंमत मोजावी लागते.

एक धूसर जागा आम्हा पालकांच्या बाजूचीही आहे. चार-पाच घरे एकत्र येतात, एखादा फ्लॅट भाड्याने घेतात, दोन शिक्षक ठेवतात आणि त्याला शिक्षण केंद्र म्हणतात. हे घर आहे की शाळा? मान्यता नसलेली शाळा चालवल्यास कलम १८ प्रमाणे एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि त्यानंतरही चालू ठेवल्यास दिवसाला दहा हजारांपर्यंत. आमचे मत असे की फी घेऊन रोज पूर्णवेळ चालणारा वर्ग म्हणजे शाळाच, आणि त्याने मान्यता घ्यावी. पण आठवड्यातून दोनदा प्रयोगासाठी किंवा खेळासाठी जमणाऱ्या मुलांना त्याच मापाने मोजू नये. ही रेघ विभागानेच आखून द्यावी.

असे नियम लिहिता येतात. इंग्लंडच्या १९९६ च्या शिक्षण कायद्यात पालकाचे कर्तव्य ‘शाळेत किंवा अन्य प्रकारे’ पूर्ण होते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. न्यूयॉर्क राज्यात दरवर्षी १ जुलैपर्यंत लेखी सूचना, मग अभ्यासाचा आराखडा, दर तिमाहीला अहवाल आणि वर्षाअखेर मूल्यमापन असा क्रम आहे. टेक्सासमध्ये यातले जवळजवळ काहीच नाही. जर्मनीत घरी शिकवायला बंदीच आहे. यातले एखादे उचलून इथे आणा असे आमचे म्हणणे नाही. पण तिन्ही ठिकाणी पालकाला आपण कुठे उभे आहोत हे कागदावर वाचता येते. पुण्यातल्या पालकाला ते येत नाही.

धोरण येईपर्यंत हे पत्र वाचणाऱ्या पालकांनी काय करावे, तेही इथेच लिहितो, कारण चुका बहुधा त्याच त्याच होतात. मुलाला नुसते शाळेत पाठवायचे थांबवू नका. लेखी अर्ज करून दाखला घ्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. दाखल्यावरचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख आणि जात जन्मदाखल्याशी व आधारशी ताडून पाहा. पुढे राजपत्रात बदल करत बसण्यापेक्षा त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांकडून दुरुस्ती करून घेणे सोपे. पेन क्रमांक लिहून ठेवा. महापालिकेच्या शिक्षण विभागाला साध्या कागदावर कळवा: मूल घरी शिकत आहे, कोण शिकवते, कोणते विषय, कोणती माध्यमभाषा. आवक क्रमांक जपून ठेवा. अभ्यासाच्या वह्यांवर तारखा टाका आणि महिन्याला एक पान तरी सारांश लिहा. बालरक्षक आला तर दारातून परत पाठवू नका, त्याला वह्या दाखवा. दहाव्या आणि तेराव्या वर्षी मुक्त मंडळाच्या परीक्षा द्याच, मूल कितीही हुशार असले तरी. एनआयओएसमध्ये विषय निवडताना अकरावीचा विचार आधी करा. गणित सोडणे तिथे सोपे आहे, पुढे विज्ञान शाखेत ते महागात पडते. स्वाध्यायांना २० टक्के गुण असतात, तेही वेळेत द्या. शाळेने परत घ्यायला नकार दिला तर कलम ३२ खाली महापालिकेकडे लेखी तक्रार करा. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा, आणि अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे करता येते.

महोदय, आता आमच्या मागण्या. कलम ३५ खाली राज्य शासन स्थानिक प्राधिकरणांना मार्गदर्शक सूचना देऊ शकते. पहिल्या तीन गोष्टींना आमच्या मते एवढे पुरेसे आहे.

१. सर्वेक्षणाच्या तक्त्यात ‘घरी शिकणारे बालक’ असा स्वतंत्र रकाना द्यावा आणि त्यापुढे नोंदणी क्रमांकाची जागा ठेवावी. क्रमांक नसेल तर मूल शाळाबाह्यच धरावे. याला आमची हरकत नाही.

२. महापालिका आणि पंचायत समिती स्तरावर एका पानाचा नोंदणी अर्ज असावा, दरवर्षी जूनमध्ये नव्याने भरायचा. त्यात मुलाचा जन्मदाखला, पूर्वीच्या शाळेचा दाखला असल्यास तो, शिकवणाऱ्याचे नाव आणि वर्षाचा आराखडा. तासांसाठी वेगळे मोजमाप शोधायची गरज नाही, कायद्याच्या अनुसूचीत ते आहे: पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस व ८०० तास, सहावी ते आठवी २२० दिवस व १००० तास. एकट्या मुलाला शिकवताना हे तास कमी दिवसांत भरतात, त्यामुळे दिवसांची अट शिथिल आणि तासांची कायम ठेवावी. अर्जाची पोच देण्याची सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अधिसूचित करावी, म्हणजे तिला मुदत राहील.

३. वर्षातून दोनदा केंद्रप्रमुखांनी, म्हणजे परिसरातील शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, मुलाला भेटावे. वह्या पाहाव्यात आणि भाषा व गणितात त्या वयाच्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्या वयात यायला हव्यात अशा गोष्टी, कितपत साधल्या ते नोंदवावे. मुलाशी पालकांच्या गैरहजेरीत, शिक्षिकेच्या उपस्थितीत, दहा मिनिटे बोलावे आणि त्याला शाळेत जायचे आहे का हे विचारावे. त्याचे उत्तर नोंदीत यावे. प्रगती नसेल तर तीन महिन्यांची मुदत द्यावी, आणि तरीही फरक पडला नाही तर मुलाला शाळेत दाखल करण्याचा आदेश द्यावा. तो आम्ही मानू.

४. नोंदणीच्या आधारे मिळणारे प्रमाणपत्र १७ नंबरच्या फॉर्मसाठी, बोनाफाईडसाठी आणि जातपडताळणीसाठी शाळेच्या नोंदीइतकेच ग्राह्य धरावे. यासाठी राज्य मंडळ आणि सामाजिक न्याय विभाग यांच्याशी विचारविनिमय लागेल, तो विभागाने सुरू करावा.

५. शिक्षण हा समवर्ती सूचीतील, म्हणजे केंद्र व राज्य दोघांनाही कायदा करता येतो असा, विषय आहे. कलम १० मध्ये ‘किंवा विहित केलेल्या रीतीने नोंदणी करून घरी’ एवढे शब्द घालणारी राज्य दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीने होऊ शकते. तिचा मसुदा तयार करावा आणि तो पालक, शिक्षक संघटना व बालहक्क कार्यकर्ते यांच्यासमोर हरकतींसाठी ठेवावा. आमच्या विरोधात बोलणाऱ्यांनाही तिथे ऐकले जावे.

शासनाचा निर्णय घरी शिकवण्याच्या विरोधात गेला तर तोही कारणांसह लेखी द्यावा. मग मुलांना कोणत्या शाळेत घालायचे ते आम्ही ठरवू, न्यायालयात जायचे की नाही तेही ठरवू. जूनच्या मध्यावर शाळा उघडतील आणि सर्वेक्षणाचे तक्ते पुन्हा छापले जातील. पहिल्या मागणीसाठी लागतो तो फक्त एक उभा रकाना, आणि तो छपाईच्या आधी घालता येतो.

कळावे,
आपले नम्र,
पुणे व पिंपरी-चिंचवडमधील घरी शिकणाऱ्या मुलांचे पालक आणि मार्गदर्शक शिक्षक